दूरचित्रवाणीवरची देवळाली: पेरी-क्रॉफ्ट यांच्या मालिका आणि त्यांतील नट

नाट्यवेडा

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील जुन्या विनोदी मालिकांचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे बहुधा 'येस मिनिस्टर' आणि 'माइंड युवर लँग्वेज' यांच्यापाशीच घोटाळत राहते. दोन्ही मालिका उत्तम आहेत. पहिलीवरून २००१ साली फारुख शेख यांची 'जी मंत्रीजी' निघाली, दुसरीवरून त्याआधी पंकज कपूर यांची 'जबान संभाल के' निघाली, त्यामुळे त्यांची ओळख टिकून राहिली हे स्वाभाविकच आहे. मात्र जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट या लेखकजोडीविषयी मराठीत कोणी सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण या जोडीच्या एका गाजलेल्या मालिकेचे कथानक आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत घडते.

आधी पेरी यांच्याविषयी. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. जर्मन सैन्य इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरेल या भीतीने सरकारने वयस्क आणि अगदी तरुण पुरुषांचे 'होम गार्ड' नावाचे दल उभारले होते, त्यात ते भरती झाले. पुढे तोफखान्यात त्यांची रवानगी पूर्वेकडे झाली आणि देवळालीच्या छावणीत सैनिकांची करमणूक करणाऱ्या नाट्यपथकात ते काम करू लागले. युद्ध संपल्यावर नाट्यशिक्षण घेत असताना ते सुटीत बटलिन्सच्या पर्यटन छावणीत पाहुण्यांची करमणूक करत. या तीन अनुभवांतून तीन मालिका निघाल्या: होम गार्डवरची 'डॅड्स आर्मी', देवळालीवरची 'इट एन्ट हाफ हॉट मम' आणि पर्यटन छावणीवरची 'हाय-डी-हाय'. क्रॉफ्टही युद्धकाळात लष्करात होते आणि भारतात येऊन गेले होते, शिवाय ते बीबीसीत निर्माते-दिग्दर्शक असल्यामुळे लिहिलेले पडद्यावर कसे उतरेल हे त्यांच्याच हातात असे.

'डॅड्स आर्मी' १९६८ ते १९७७ या काळात चालली आणि तिचे ८० भाग झाले. तिच्यातील विनोद ज्यांच्यामुळे उभा राहतो ते नट एकेक करून पाहण्यासारखे आहेत. कॅप्टन मॅनरिंग हा लहानशा गावातील बँकेचा व्यवस्थापक, स्वकष्टाने वर आलेला. आणि त्याच्या हाताखालचा सार्जंट विल्सन मात्र खानदानी, उंची शाळेत शिकलेला, मृदू बोलणारा. दिसण्यावरून कोणीही जॉन ल मेझुरिअर यांना कॅप्टन आणि आर्थर लो यांना सार्जंट केले असते. लेखकांनी ते उलटे केले आणि इंग्लंडातील वर्गभेदाची सगळी कुचंबणा त्या दोघांच्या नुसत्या नजरानजरेत आणून ठेवली. लो यांचा चष्मा सरकतो, टोपी वाकडी होते, पण मॅनरिंगला आपण हास्यास्पद दिसतो आहोत याची कल्पना नसते. लो ती कल्पना त्याला एकदाही येऊ देत नाहीत, आणि म्हणूनच तो माणूस विदूषक न होता शूर राहतो.

आर्नल्ड रिडली यांनी साकारलेला म्हातारा गॉडफ्री पाहा. 'ब्रँडेड' नावाच्या १९६९ सालच्या भागात कळते की पहिल्या महायुद्धात त्याने शस्त्र धरायला नकार दिला होता. सगळी पलटण त्याच्याकडे पाठ फिरवते. पुढे धुराने भरलेल्या झोपडीतून तो मॅनरिंगला वाचवतो आणि अंथरुणाला खिळतो. त्याला भेटायला गेलेल्या मॅनरिंगला खोलीत एक छायाचित्र दिसते, त्यात गॉडफ्रीच्या छातीवर शौर्यपदक असते. बंदूक न घेता तो सोमच्या रणभूमीवर जखमींना उचलून आणत होता. रिडली हे सांगताना आवाज चढवत नाहीत, जणू काही विशेष घडलेच नाही अशा संकोचाने बोलतात. प्रत्यक्षात रिडली स्वतः १९१६ साली सोमच्या लढाईत जबर जखमी झाले होते आणि त्यांचा डावा हात त्यानंतर कधीच पूर्ण बरा झाला नाही. फ्रेझरचे काम करणारे जॉन लॉरीही पहिल्या महायुद्धात लढले होते. म्हाताऱ्या जोन्सचे काम करणारे क्लाइव्ह डन मालिका सुरू झाली तेव्हा अवघे ४८ वर्षांचे होते, पण दुसऱ्या महायुद्धातील चार वर्षे त्यांनी युद्धकैदी म्हणून काढली होती.

माझे म्हणणे एवढेच आहे की या मालिकांतला हशा ऐकीव माहितीवर बेतलेला नाही. लिहिणाऱ्यांनी आणि त्यांतील बऱ्याच नटांनी ते आयुष्य अंगावर घेतलेले होते. देवळालीच्या मालिकेलाही हेच लागू होते असे मला वाटते, तरी तिच्याविषयी मतभेद आहेत याची मला जाणीव आहे. जाणकारांनी, विशेषतः नाशिककरांनी, आपले मत मांडावे.

गोदाकाठ

लेख आवडला. मी नाशिकचा असल्यामुळे मालिकेतील देवळालीविषयीच लिहितो.

देवळालीची छावणी एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. मायदेशी परतणाऱ्या ब्रिटिश सैनिकांना मुंबईहून जहाज मिळेपर्यंत तेथे मुक्काम करावा लागे आणि तो मुक्काम अनेकदा कित्येक महिने लांबे. अशा रिकामटेकड्या, उकाड्याने त्रासलेल्या सैनिकांचे मन रमवण्यासाठी नाट्यपथके लागत, म्हणजे मालिकेचा पाया खरा आहे. तोफखान्याची प्रशिक्षण संस्था आजही देवळालीत आहे आणि देवळाली कॅम्पातील जुने बंगले, रुंद रस्ते व मोठाली झाडे पाहिली की त्या काळाचा अंदाज येतो.

परंतु पडद्यावर जे दिसते ते देवळाली नव्हे, हे कोणाही नाशिककराला पहिल्याच भागात कळते. मालिकेचा एकही तुकडा भारतात चित्रित झालेला नाही. छावणीचा बराचसा भाग बीबीसीच्या स्टुडिओत उभारला होता आणि बाहेरची दृश्ये इंग्लंडातच, सरे परगण्यातील फार्नमजवळच्या रानात आणि नॉर्फकमधील वाळूच्या खाणीत उरकलेली आहेत. त्याविषयी माझी तक्रार नाही, कारण त्या काळी विनोदी मालिकेसाठी एवढा खर्च कोणी केला नसता. माझी खंत वेगळी आहे. त्या देवळालीत मराठी माणूस नाही. छावणीतील नोकर हिंदुस्तानी आणि उर्दू बोलतात, पण मराठीचा एकही शब्द निदान माझ्या कानांवर पडला नाही. छावणीला दूध, भाजी, गवत, धोबी, मजूर हे सगळे आसपासच्या भगूर, लहवित अशा गावांतून मिळत असणार आणि ती गावे मराठी होती. पेरी तेथे राहून गेले, पण छावणीच्या कुंपणापलीकडचे त्यांना दिसले नाही, किंवा दिसले तरी लिहावेसे वाटले नाही. आपण म्हणता की हशा अनुभवातून आलेला आहे, ते मला मान्य आहे. मात्र तो अनुभव कुंपणाच्या आतला आहे.

लेस्टरवासी

आमचे कुटुंब १९७०च्या दशकात इंग्लंडात आले आणि ही मालिका आम्ही तेव्हा दर आठवड्याला पाहत होतो, म्हणून चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो.

त्या काळी ब्रिटिश दूरचित्रवाणीवर आपल्यासारखा चेहरा दिसणे ही मोठी गोष्ट होती. चहावाला मुहम्मद पडद्यावर आला की आई स्वयंपाकघरातून धावत येई. ते काम करणारे डिनो शफीक यांचा जन्म ढाक्याचा. पुढे 'माइंड युवर लँग्वेज'मधील अली म्हणून तेच भारतात घरोघरी पोहोचले. प्रत्येक भागाच्या शेवटी ते सतारीच्या साथीवर 'लँड ऑफ होप अँड ग्लोरी' हे इंग्लंडचे देशाभिमानाचे गीत आपल्या ढंगात आळवू लागत आणि तेवढ्यात सार्जंट मेजरचा आवाज गर्जे, 'शट अप!' साम्राज्याचे गीत गाणारा हिंदुस्तानी आणि त्याला गप्प करणारा साम्राज्याचा शिपाई, एवढ्याशा प्रसंगात किती काय आहे हे मला फार नंतर उमगले.

दुसरा चेहरा पंखेवाला रमजान. बाबर भट्टी या नटाने तो केला होता. पंख्याची दोरी ओढत बसलेला हा माणूस उर्दूत पुटपुटत राहतो आणि त्या पुटपुटण्याच्या शेवटी साहेब लोकांची अब्रू काढणारी दोन-चार इंग्रजी वाक्ये टाकतो. त्याचे उर्दू आम्हाला कळत असे, शेजारच्या इंग्रज घरात कळत नसे, आणि त्याचा आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. रात्री मालिका लागली की दुसऱ्या दिवशी शाळेत मला 'चारवाला', म्हणजे इंग्रजांच्या बोलीतला चहावाला, म्हणून हाका मारल्या जात. मुले डोके हलवत तो उच्चार करून दाखवत आणि शिक्षक ते ऐकून न ऐकल्यासारखे करत. आम्हाला त्या मालिकेने दिलेले सुख खरे होते आणि तो त्रासही खरा होता. आज मला डिनो शफीक यांच्याविषयी अपार आदर वाटतो, कारण मिळालेल्या मोजक्या वाक्यांत त्यांनी त्या माणसाला स्वतःचा स्वभाव दिला. ते १९८४ साली हृदयविकाराने गेले, तेव्हा त्यांचे वय जाण्याचे नव्हते.

सह्यकडा

चर्चा चांगली चालली आहे, पण मुख्य मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही. छावणीतील प्रमुख हिंदुस्तानी नोकर रंगी राम याचे काम मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहऱ्याला तपकिरी रंग फासून केलेले आहे. मला हे पाहवत नाही. बीबीसी ही मालिका आता पुन्हा दाखवत नाही, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो.

नाट्यवेडा

सह्यकडा, आपला आक्षेप रास्त आहे. बेट्स यांच्याविषयी मला जे ठाऊक आहे ते येथे नोंदवतो, म्हणजे निदान मत बनवताना माहिती अपुरी राहणार नाही.

बेट्स यांचा जन्म १९२० साली झाशीला झाला होता. बालपण भारतात गेल्यामुळे त्यांना हिंदुस्तानी अस्खलित येत असे आणि युद्धात ते गुरख्यांच्या पलटणीबरोबर ब्रह्मदेशात लढले होते. त्यामुळे त्यांचा रंगी राम हा ऐकून उचललेल्या उच्चारांवर उभा नाही. तो कॅमेऱ्याकडे पाहून एखादी हिंदू म्हण सांगतो, 'आपण ब्रिटिश' असे अभिमानाने म्हणतो, रमजानला नीट बसून पंखा ओढ म्हणून दटावतो आणि साहेबांच्या भोळेपणाचा हिशेब मनात ठेवतो. छावणीत सर्वांत हुशार माणूस तोच आहे. कर्नल रेनल्ड्स आणि कॅप्टन अॅशवुड यांना छावणीत काय चालले आहे याचा पत्ता नसतो, रंगीला मात्र सगळा असतो.

पेरी आणि क्रॉफ्ट यांनी या निवडीचे पुढे अनेकदा समर्थन केले. ते समर्थन मला पटत नाही. त्याच संचात शफीक आणि भट्टी होते, लंडनमध्ये सईद जाफरी काम करत होते, म्हणजे भारतीय नट मिळणे अशक्य होते असे म्हणता येत नाही. तरीही बेट्स यांच्या अभिनयातील समज मी नाकारू शकत नाही. १९७८च्या जानेवारीत ते वारले आणि लेखकांनी रंगीच्या जागी दुसरा नट आणला नाही. तोवर कथानक देवळालीहून ब्रह्मदेशच्या जंगलात गेलेले होते आणि पुढच्या पर्वांत त्या कामाचा बराचसा भार शफीक यांच्या मुहम्मदवर आला. मालिका १९८१पर्यंत चालली, पण बेट्स गेल्यावर तिची चमक उणावली हे मान्य करावे लागते.

बंदी घालण्याऐवजी आवश्यक त्या सूचनेसह ती दाखवावी, असे माझे मत आहे. लेस्टरवासींनी सांगितलेला त्रास लपवून तो नाहीसा होत नाही, आणि शफीक व भट्टी यांचे कामही त्याबरोबर लोकांच्या नजरेआड जाते.

पडद्यामागे

मी क्रॉफ्ट यांच्या कार्यपद्धतीविषयी लिहू इच्छितो, कारण लेखक म्हणून त्यांची वाखाणणी होते पण निर्माता म्हणून होत नाही.

त्यांच्या मालिकांच्या शेवटी 'यू हॅव बीन वॉचिंग' अशी अक्षरे येत आणि मग एकेका नटाचे हलते चित्र व त्याखाली त्याचे नाव येई. नाटक संपल्यावर पडदा पुन्हा उघडून नट प्रेक्षकांना नमस्कार करतात, तीच ही पद्धत. दोन वाक्यांचे काम करणाऱ्यालाही त्या वेळी स्वतःचा चेहरा आणि नाव एकत्र मिळे. आजच्या मालिकांत श्रेयनामावली कोपऱ्यात चेपून पळवली जाते, तेव्हा मला याची फार आठवण होते. क्रॉफ्ट तेच तेच नट पुन्हा पुन्हा घेत, अगदी आपल्या जुन्या नाटक कंपन्यांसारखे. देवळालीतील कर्नल आणि कॅप्टन म्हणजे डोनाल्ड ह्युलेट आणि मायकेल नोल्स पुढे 'यू रँग, मिलॉर्ड?'मध्ये पुन्हा एकत्र आले.

चित्रफितींविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी चित्रफीत महाग असे आणि मालिका पुन्हा दाखवण्याचे करार मर्यादित असत, म्हणून बीबीसी जुन्या फिती पुसून त्यांच्यावर नवे कार्यक्रम घेई. 'डॅड्स आर्मी'चे दुसरे पर्व त्यात सापडले. त्यातील दोन भाग २००१ साली परत मिळाले, तीन अजूनही बेपत्ता आहेत. या तीन भागांच्या संहिता उरल्या असल्यामुळे २०१९ साली नवे नट घेऊन ते पुन्हा चित्रित झाले. प्रयत्न प्रामाणिक होता, पण लो आणि ल मेझुरिअर यांच्यामधला तो अबोला संहितेत लिहिलेला नव्हता. तो त्यांच्याबरोबरच गेला. 'डॅड्स आर्मी'च्या पलटणीतील प्रमुख नटांपैकी शेवटचे इयन लॅव्हेंडर, म्हणजे कोवळा पाइक, हे २०२४ साली गेले.

गोदाकाठ

सार्जंट मेजरविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून पुन्हा येतो. विंडसर डेव्हिस हे मूळचे वेल्श घराण्यातले. नट होण्यापूर्वी त्यांनी खाणीत काम केले होते आणि शिक्षकीही केली होती. त्यांच्या विल्यम्स या सार्जंट मेजरची एकच इच्छा आहे, ती म्हणजे या नाचणाऱ्या-गाणाऱ्या पोरांना खऱ्या लढाईत पाठवावे. आवाज कवायतीच्या मैदानावरचा, मिशी ताठ, पण पार्किन नावाचा पोरगा आपलाच मुलगा आहे अशी त्याची समजूत झाल्यापासून त्याच्याशी बोलताना तोच आवाज लोण्यासारखा मऊ होतो. डेव्हिस एका वाक्याच्या मध्यावर हा बदल करतात. तो पाहिल्यावर मला त्यांचा रागही खरा वाटू लागतो. त्यांनी बुटक्या लॉफ्टीचे काम करणाऱ्या डॉन एस्टेल यांच्याबरोबर गायिलेले 'व्हिस्परिंग ग्रास' १९७५ साली ब्रिटनच्या गीतयादीत पहिल्या क्रमांकावर होते. एस्टेल यांचा आवाज त्या देहयष्टीतून येईल यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही.

रंगपीठ

या मालिकेत बोमाँट नावाचा सैनिक, ज्याला सगळे 'ग्लोरिया' म्हणतात, स्त्रीवेषात गातो. मेल्विन हेज यांनी हे काम केले आहे. संगीत नाटकांवर वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला येथे बालगंधर्व आठवणे अपरिहार्य आहे, पण दोन्ही परंपरा एकमेकींपासून फार दूरच्या आहेत. आपल्याकडील स्त्रीपार्टी नटाकडे प्रेक्षक स्त्री म्हणूनच पाहत, त्यांच्या शालू-शेल्यांचे आणि केशरचनेचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करत. छावणीतील पथकात मात्र पुरुष स्त्रीवेषात आहे यातच हशा असतो. हेज यांचे श्रेय असे की ग्लोरिया आपल्या कामाला हास्यास्पद समजत नाही. बाहेर गोळीबार सुरू असतानाही त्याला पोशाखाच्या झालरीची काळजी असते, कारण त्याच्या लेखी तो कलावंत आहे आणि बाकीचे सगळे, सार्जंट मेजरसुद्धा, त्याच्या प्रयोगात अडथळा आणणारे लोक आहेत. सार्जंट मेजर त्याला आणि सगळ्या पथकाला उद्देशून जे शब्द वापरतो ते आज ऐकवत नाहीत, आणि मालिका पुन्हा न दाखवण्यामागे रंगी रामच्या रंगाइतकेच तेही कारण आहे.

सह्यकडा

नाट्यवेडा यांचा प्रतिसाद वाचून माझे मत पूर्ण बदललेले नाही, पण लेस्टरवासींनी वर्णन केलेला पंखेवाला मला पाहायचा आहे. कोठून सुरुवात करावी?

नाट्यवेडा

सुरुवात 'डॅड्स आर्मी'पासून करावी असे मी सुचवेन, म्हणजे या लेखकांची रीत ओळखीची होते. तिच्यातील 'ब्रँडेड' आणि १९७३ सालचा 'द डेडली अटॅचमेंट' हे भाग आधी पाहावेत. दुसऱ्या भागात जर्मन पाणबुडीचा कप्तान पलटणीच्या ताब्यात येतो आणि फिलिप मॅडॉक हे नट त्या कप्तानाला इतका धारदार करतात की आपले म्हातारे प्रथमच खऱ्या धोक्यात आहेत असे वाटते. त्यानंतर 'मम्स आर्मी' पाहावा, कारण त्यात रेल्वे स्थानकावर एका स्त्रीला निरोप देणारा मॅनरिंग दिसतो आणि आर्थर लो विनोदी नट म्हणूनच ओळखले गेले याबद्दल हळहळ वाटते.

मग देवळालीची पहिली चार पर्वे. कथानक ब्रह्मदेशात जाईपर्यंतची हीच पर्वे सर्वांत भक्कम आहेत आणि बेट्स, शफीक, भट्टी हे तिघे त्यांत एकत्र आहेत. रमजान बोलू लागला की इंग्रजी उपशीर्षके बंद करून पाहावे, मराठी माणसाला त्यातले बरेच काही कळते. गोदाकाठ यांनी कुंपणाबाहेरच्या गावांविषयी जे लिहिले आहे त्याची नोंद मी मूळ लेखाच्या शेवटी जोडत आहे. भगूर-लहवित परिसरातील जुन्या लोकांकडे छावणीच्या त्या दिवसांच्या ऐकीव का होईना, आठवणी असतील, तर त्या त्यांनी येथे अवश्य लिहाव्यात.